तीन तारे म्हणजे नेमकं किती? पाटोडी रस्स्याला गुण देताना माझाच गेज हलून राहिला

मायक्रॉन_हिंगणा:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. पण अर्धा सांगितला तर उत्तरंही अर्धीच येतील, म्हणून सगळं लिहितो.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. शाफ्टचा व्यास मर्यादेत असला तर पास, नसला तर बाजूला. त्यात माझं मत कोणी विचारत नाही. पण बाहेर जेवून आलो की मी मॅपवर त्या हॉटेलला तारे देतो. चार वर्षांत दोनशेच्या वर रिव्ह्यू झाले. तर्री पोहे, आलूबोंडा, सावजी, डोसा, चायनीजची गाडी, सगळं आलं त्यात. मनापासून लिहितो. फुकट खाऊन एकही लिहिलेला नाही.

मागच्या महिन्यात असं झालं. इतवारीत एक छोटं सावजी भोजनालय आहे, नाव लिहीत नाही. सहा टेबलं. मागे काका-काकू रांधतात, समोर त्यांचा मुलगा वाढतो. तिथं पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्या, झणझणीत रस्स्यात) खाल्ला आणि तीन तारे दिले. खाली लिहिलं, "ठीक आहे." पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. पैसे देताना काकांनी फोन पुढे केला. त्यावर माझाच रिव्ह्यू उघडलेला. रागावले नाहीत. म्हणाले, "भाऊ, तारे राहू द्या. फक्त एवढं सांगा, कमी काय पडलं? मीठ? मसाला कच्चा लागला? पाटोडी फुटली का? सांगितलं तर उद्यापासून सुधारतो."

मला एक शब्द सांगता आला नाही. खूप आठवून पाहिलं. आठवलं ते इतकंच की त्या दिवशी मी रात्रपाळी करून परस्पर तिकडे गेलो होतो, नाक चोंदलेलं होतं आणि आमच्या टेबलावरचा पंखा बंद होता. रस्सा कसा होता? आठवत नाही. आमच्याकडे कारण न लिहिता रिजेक्टचा टॅग लावला तर तो टॅगच बाद धरतात. मी चार वर्षं असे किती टॅग लावले असतील, हा विचार घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. काकांनी आणखी एक सांगितलं. माझ्या डोक्यात तीन म्हणजे बरं. पण त्यांचे एकूण रिव्ह्यूच अठरा. माझ्या तीननं त्यांची सरासरी चारच्या खाली गेली, आणि लोक "चारच्या वरचे" एवढेच शोधतात.

मग पुढच्या रविवारी मी बाबांना, बहिणीला आणि बायकोला घेऊन तिथंच गेलो. रस्स्याचा एकच गंज (पातेलं), एकच वेळ, चौघांनाही पाटोडी रस्सा. घरी आल्यावर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, कोणी कोणाचं ऐकलं नाही. बाबा (सूतगिरणीतून निवृत्त, लहानपणापासून सावजी खात आलेले) म्हणाले पाच. बहीण नऊ वर्षं पुण्यात होती, ती म्हणाली दोन, "तेल आणि तिखट याशिवाय काही कळलंच नाही." बायको चार. तिनं भाकरीऐवजी भातावर घेतला होता. मी स्वतः चार. पंधरा दिवसांपूर्वी मीच तीन दिले होते.

आमच्या कामात याला नाव आहे. नवीन गेज, म्हणजे मोजायचं साधन, आला की माल मोजायच्या आधी गेजच तपासतात. दहा नग घ्यायचे, तीन माणसं, प्रत्येकानं प्रत्येक नग दोन-तीनदा मोजायचा, आणि कोणता नग हातात आहे ते त्याला कळू द्यायचं नाही. एकाच माणसाला एकाच नगाचे वेगळे आकडे आले तर रिपीटेबिलिटी खराब. माणसामाणसांत फरक पडला तर रिप्रोड्युसिबिलिटी खराब. दोन्ही मिळून चूक १० टक्क्यांच्या आत असली तर गेज चांगला, ३० च्या वर गेली तर वापरायचा नाही. या हिशेबानं माझी जीभ कपाटात ठेवायला पाहिजे. जुनी वही काढून पाहिली. एका तर्री पोह्याच्या ठेल्यावर मी दोन वर्षांत ११ वेळा खाल्लं आणि दर वेळी आकडा लिहिलेला आहे. तीनपासून पाचपर्यंत सगळे आहेत. पोहेवाला तोच, चण्याचा रस्सा तोच, वेळ सकाळी साडेसातच्या आसपासची. बदलला तो मी.

म्हणून विचारतो. तुम्ही तीन तारे देता तेव्हा तुमच्या मनात काय असतं? जेवणात नेमकं काय तपासावं की काकांनी विचारलं तर सांगता येईल? आणि बाबांचे पाच नि बहिणीचे दोन यातलं खरं कोणतं? तारे देणं बंद कर असं सांगू नका. अशा छोट्या जागांबद्दल कोणीतरी नीट लिहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पॅनेलवरची_काकू:

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आमच्या धंद्यात माणूसच गेज असतो, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. मी आपल्या नागपूरच्या एलआयटी कॉलेजात फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि पुढे २६ वर्षं मसाल्याच्या कारखान्यांत चव तपासायचं काम केलं.

सगळ्यात आधी एक गाठ सोडवा. "फरक आहे का" हा एक प्रश्न आणि "आवडलं का" हा दुसरा. आम्ही हे दोन प्रश्न एका माणसाला एकत्र कधीच विचारत नसू. चव तपासायला शिकवून तयार केलेल्या माणसांच्या पॅनेलला आवडीबद्दल विचारायचंच नाही. त्यांनी सांगायचं ते मीठ किती, आंबटपणा किती, मसाला भाजलेला की कच्चा, शेवटी कडवटपणा राहतो का. आवड विचारायची ती साध्या खाणाऱ्यांना, आणि पुष्कळ जणांना. त्यासाठी नऊ पायऱ्यांची पट्टी असते, "अतिशय आवडलं" पासून "अतिशय नावडलं" पर्यंत, मधोमध "आवडलंही नाही, नावडलंही नाही". ही पट्टी अमेरिकी सैन्याच्या जेवणासाठी तयार झाली आणि आजही जगभर वापरतात. तुमच्या तीन ताऱ्यांत हे दोन्ही प्रश्न मिसळलेत, म्हणून काकांना उत्तर देता आलं नाही.

बाबांचे पाच आणि बहिणीचे दोन, दोन्ही खरे. खोटी आहे ती त्यांची सरासरी. साडेतीन ही त्या घरात कोणाचीच जीभ नाही. आमच्याकडे असे आकडे आले की आम्ही सरासरी काढत नसू, हे दोन वेगळे गिऱ्हाईक आहेत असं लिहीत असू.

आता तुमचं चोंदलेलं नाक. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतेक वास असतो, घास चावताना घशाच्या मागून नाकात जाणारा. सावजी मसाल्यातलं दगडफूल, शहाजिरं, मसाला वेलची, भाजलेली खसखस, हे सगळं नाकाचं काम. नाक बंद असताना तुम्ही त्या रस्स्यातलं मीठ, तेल आणि तिखट एवढंच खाल्लंत. जे मिळालं त्याला तीन दिले. पण ते काकांनी रांधलेलं नव्हतं.

तिखट ही चव नाहीच. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारा जो संवेदक आपल्या मज्जातंतूंवर असतो, तोच मिरचीतल्या कॅप्सायसिननं उघडतो. म्हणून तोंड "भाजतं". डेव्हिड ज्युलियस यांनी तो शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. त्याच्या फार आधी, १९१२ मध्ये, विल्बर स्कोविल या औषधशास्त्रज्ञानं मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि तिखटपणा कळेनासा होईपर्यंत किती पाणी लागलं यावर मोजणी बसवली. तेव्हाही गेज माणसाची जीभच होती. आता यंत्रावर मोजतात. मुद्दा असा की रोज तिखट खाणाऱ्याचा हा संवेदक हळूहळू बोथट होतो. तुमच्या बाबांना तिखटाच्या खालचा मसाला दिसतो. बहिणीला आगीपलीकडे काही दिसत नाही. यात दोघांचाही दोष नाही.

तपासायचं कसं? सकाळी ११ च्या सुमारास जा. भूक लागलेली असावी, पण जीव कासावीस नको. आधी तासभर चहा, पान काही नको. खर्रा (सुपारी-तंबाखू) खाऊन आलेल्याला आम्ही पॅनेलवर बसूच देत नव्हतो. पहिला घास नुसत्या पाटोडीचा. बेसन शिजलंय का, दातांना चिकटतं का, आतून मीठ लागतं का. मग तर्री (वर तरंगणारं तेल) बाजूला सारून खालचा रस्सा चमचाभर. मग तर्रीसकट. मग एकत्र. मधे कोमट पाणी आणि दोन घास साधा भात. कांदा आणि लिंबू सगळ्यात शेवटी, कारण लिंबू पिळलं की मसाला कच्चा होता का हे कळायची सोय संपते. आणि हे सगळं पहिल्या सहा-सात घासांत उरका, नंतर तिखट साचत जातं आणि जीभ थकते.

बाबांची जीभ किती तयार आहे हे पाहायचं असेल तर घरी त्रिकोणी चाचणी करा. तीन वाट्या, दोनांत एकच रस्सा, तिसरीत थोडा वेगळा. साधं तेल आणि जवसाचं तेल असा फरक ठेवा. वाट्यांवर १-२-३ लिहू नका, ४१७, ८६२, ५९३ असे आकडे लिहा, नाहीतर माणूस एकलाच चांगला म्हणतो. वेगळी वाटी कोणती, एवढंच विचारायचं. नुसत्या अंदाजानं तिनात एकदा बरोबर येतं, त्याहून बरंच जास्त वेळा आलं तर जिभेला खरंच कळतंय.

भट्टी_ते_पंगत:

मायक्रॉन भाऊ, मी ते काका नव्हे, पण माझीही खानावळच आहे, वीस वर्षं झाली. तुम्ही परत गेले आणि ऐकून घेतलं, हे वाचून फार बरं वाटलं.

काकूंनी जिभेचं सांगितलं, मी गंजाचं सांगतो. रस्सा एक असला तरी बारा वाजताचा वेगळा आणि तीन वाजताचा वेगळा. उतरवल्यावर थोडा वेळ थांबला की तेल वर येतं, तीच तर्री. पहिल्या पंगतीला वरचा पळा जास्त जातो. शेवटच्या गिऱ्हाईकाला खालचा दाट रस्सा मिळतो, मसाला जास्त, तेल कमी. मी ढवळून वाढायला सांगतो, पण गर्दीत पोरगं विसरतं. मिरचीचंही तसंच. नवी मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते तेव्हा रंग लालभडक आणि वास ताजा. पावसाळ्यात तीच मिरची ओल धरते, रंग उतरतो. आपली भिवापुरी मिळाली तर गोष्ट वेगळी, तिला भौगोलिक मानांकन आहे, पण दर वेळी भाव परवडत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये मला कोणी "पहिल्यासारखी चव राहिली नाही" लिहिलं तर ते खोटं नसतं. मी वाईट मानत नाही. फक्त त्यानं तारीख आणि पदार्थ लिहिला तर मला कळतं की हे मिरचीचं आहे, आचाऱ्याचं नाही.

घरपोच गेलेल्या जेवणाचं तर विचारू नका. पाटोडी रस्स्यात टाकून पाठवली तर अर्ध्या तासात रस्सा पिऊन फुगते, भाकरी वातड होते. आता मी पाटोडी वेगळी, रस्सा वेगळा, वर चिठ्ठी की गरम करून टाका. तरी एकानं एक तारा दिला, कारण डिलिव्हरीवाला पोरगा उशिरा पोचला होता. तो तारा माझ्या स्वयंपाकाच्या नावावर लागला. ज्या ॲपवर बसून खाल्लेल्याचे आणि घरी मागवलेल्याचे तारे वेगवेगळे दाखवतात तिथं थोडा तरी न्याय होतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. दोघं-तिघं येतात, आधीच सांगतात की आमचे फॉलोअर खूप, जेवण फुकट द्या, पाच तारे देतो. मी देत नाही. पाच तारे दाखवा अन् गुलाबजाम घ्या असा बोर्डही मी लावला नाही. भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० म्हणून ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणलं, त्यात विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत असं आहे. पण ते ऐच्छिक आहे. सक्तीचं असतं तर आमच्यासारख्यांना बरं झालं असतं.

आणि स्वच्छतेचं वेगळं लिहा. चवीत मिसळू नका. बिलावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) १४ आकडी नंबर असतो, तो पाहा. स्वच्छतेचं त्यांचं वेगळं मानांकन आहे, पाचपर्यंत हसऱ्या चेहऱ्यांचं. मोरीत झुरळ दिसलं तर तसं लिहा, आम्हाला लाज वाटलीच पाहिजे. पण त्यासाठी रस्सा बेचव म्हणू नका.

मी स्वतः तारे रोज पाहत नाही. मी परत आलेलं ताट पाहतो. धुवायच्या जागेशी उभा राहतो अर्धा तास. रस्सा संपला आणि पाटोडी उरली तर पाटोडी कडक झाली. पाटोडी संपली आणि रस्सा उरला तर मीठ नाहीतर तिखट जास्त. भात उरला तर मी जास्त वाढला. लोक तोंडावर "मस्त" म्हणून जातात, ताटात खरं ठेवून जातात.

केटरिंग_सेकंड_इयर:

मी हॉटेल मॅनेजमेंटला आहे, म्हणून "तीन म्हणजे किती" यावर लिहितो. आम्हाला मिशेलिनचं शिकवलं. ती टायरची कंपनी. लोकांनी गाडी काढावी म्हणून १९०० मध्ये त्यांनी प्रवाशांसाठी पुस्तिका काढली, तारे १९२६ मध्ये आले. तिथं तीन हा सर्वांत वरचा आकडा. एक तारा म्हणजे फार चांगलं जेवण, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे त्या जेवणासाठीच प्रवास करावा असं. प्रत्येक ताऱ्याला एक वाक्य जोडलेलं आहे, आणि ते वाक्य पायांनी तपासता येतं. तुम्ही हिंगण्याहून इतवारीला त्या पाटोडीसाठी जाल का? तारे फक्त ताटाचे असतात, सजावटीचे नि पंख्याचे नाहीत. तपासनीस नाव न सांगता जातात, स्वतःचं बिल भरतात. पाहतात पाच गोष्टी: माल कसा आहे, हाताचं कसब, चवींचा मेळ, रांधणाऱ्याची स्वतःची ओळख, आणि दर वेळी तसंच मिळतं का. तुमची रिपीटेबिलिटी ती हीच पाचवी, फक्त ते ती स्वयंपाकघराची पाहतात आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा जातात.

आणखी एक. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलच्या हॉटेलांचा अभ्यास मांडला. येल्प या रिव्ह्यूच्या साइटवर एक तारा वाढला की कमाई ५ ते ९ टक्के वाढते असं निघालं. पण हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर दिसला, साखळी हॉटेलांवर नाही. ज्याचं नाव आधीच सगळ्यांना माहीत आहे त्याला ताऱ्यानं फरक पडत नाही. सहा टेबलांच्या जागेला पडतो. तुमच्या काकांनी फोन पुढे केला तो याचसाठी.

रव्याचा_लाडू:

मी नऊ वर्षांपूर्वी लिहिणं सोडलं. जेवताना मनात वाक्यं जुळायला लागली की घासाकडे लक्ष राहत नाही, असं माझं झालं होतं. तुम्हाला बंद करा म्हणत नाही. पण महिन्यातून एखादं जेवण असं ठेवा की त्यावर काहीही लिहायचं नाही.

मुळामुठा_ते_मनीषनगर:

तुमच्या बहिणीच्या बाजूनं दोन शब्द. मी पुण्याची, लग्नानंतर सहा वर्षं नागपुरात आहे. पहिल्या वर्षी एका ठिकाणच्या वडाभाताला मी दोन तारे दिले होते. लिहिलं होतं, "भात कोरडा, वडे कुस्करलेले, सोबत वाटीत नुसतं तेल." शेजारच्या काकूंनी वाचलं आणि मला घरी बोलावलं. डाळींचे वडे गरम भातावर माझ्यासमोर कुस्करले, त्यावर हिंग-मिरचीची कडकडीत फोडणी ओतली, बाजूला कढी. म्हणाल्या, "आता खाऊन पाहा." त्या वाटीतलं तेल भातावर ओतायचं होतं. मी ते बाजूला ठेवून कोरडा भात खाल्ला होता आणि दोष हॉटेलला दिला होता. तो रिव्ह्यू मी त्याच संध्याकाळी काढला.

तेव्हापासून पदार्थ नवा असेल तर आधी वाढणाऱ्याला विचारते, "हे कसं खायचं? चांगलं झालं की कसं लागतं?" लोक फार आनंदानं सांगतात. गोडा मसाला आणि गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेनं सावजी रस्सा आमटीच्या मापानं मोजला तर तो नापासच होणार. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं ते जेवण. त्याला आमटी व्हायचंच नव्हतं. पण बहिणीचे दोनही ठेवा. फक्त शेजारी लिहा की हे कमी तिखट खाणाऱ्या माणसाचं मत आहे. माझ्यासारख्या नव्यानं आलेल्या बाईला तुमच्या बाबांच्या पाचपेक्षा तेच जास्त उपयोगी पडलं असतं.

मायक्रॉन_हिंगणा:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे घेतले, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

इतवारीतून घाण्याचं जवसाचं तेल आणलं. बायकोनं एकाच मसाल्याचे दोन रस्से केले, एक रोजच्या तेलात, एक जवसाच्या. वाट्यांवर तीन आकडी नंबर तिनंच लावले, मला माहीत नव्हते. प्रत्येकी सहा फेऱ्या, दोन दिवसांत मिळून. बाबांनी सहापैकी पाच वेळा वेगळी वाटी ओळखली, आणि पाचव्या फेरीत तर नुसता वास घेऊन. मी तीन. बहीण दोन, म्हणजे अंदाजाइतकेच. पण मीठ कमी-जास्त करून तीच चाचणी घेतली तेव्हा बहिणीनं सहाही ओळखले आणि बाबांनी तीन. आमच्या घरात मिठाचा गेज ती आहे आणि मसाल्याचा बाबा, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बाबांना पाच आकडा सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी फोनवर त्यांच्या जुन्या मित्राला मात्र सांगत होते.

मग एका मंगळवारी सुट्टी घेऊन सव्वाअकराला भोजनालयात गेलो. नाक साफ, चहा नाही. काकूंच्या क्रमानं खाल्लं. जुना रिव्ह्यू काढून हे लिहिलं:

"मंगळवार, दुपारचं पहिलं ताट, बसून खाल्लं. पाटोडी रस्सा. पाटोडी चवीला उत्तम, आत मीठ बरोबर, पण काप जाड, त्यामुळे मधला भाग रस्सा घेत नाही. तर्रीखालचा रस्सा चांगला भाजलेला, खोबरं आणि खसखस दोन्ही कळतात, दगडफुलाचा वास शेवटी येतो. तिखट सावजीच्या मानानं मध्यम, कमी खाणाऱ्यांना जड जाईल, त्यांनी तर्री कमी सांगावी आणि भातावर घ्यावा. ज्वारीची भाकरी गरम. एका टेबलावरचा पंखा बंद आहे, त्याचा गुणांशी संबंध नाही. यासाठी हिंगण्याहून पुन्हा येईन. चार तारे."

काकांनी माझ्यासमोरच वाचलं. मग आतून काकूंना हाक मारली आणि "काप जाड" हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या बाहेर आल्या, म्हणाल्या की हात दुखतो म्हणून दिवाळीपासून सुरी जाड चालते, आता मुलाला कापायला लावते. शनिवारी पुन्हा गेलो तेव्हा काप पातळ होते आणि मुलानं पहिल्यांदा तर्री विचारून वाढली.

जुने दोनशे रिव्ह्यू आता एकेक उघडून राहिलो. ज्याचं कारण आठवत नाही तो काढून टाकतो. आजपर्यंत ६३ काढले. त्या ११ वेळच्या पोह्यांकडे उद्या सकाळी जाणार आहे, बाबांना घेऊन.

पॅनेलवरची काकू, एक विचारायचं राहिलं. पोह्यांच्या वेळी तर चहा घेतल्याशिवाय बाबा घराबाहेर पडतच नाहीत. अर्धा कप, बिनसाखरेचा, तासभर आधी चालेल का?